डब्याची किल्ली

आमच्या इमारतीत लिफ्टने वर जायला वीस तेत्री लागतात.
खाली यायला काही नाही.
ग्लदानीत बहुतेक ठिकाणी असंच आहे,
आणि त्याचा अर्थ काढत बसायला
मला कधी वेळ नव्हता.

मंगळवारी समितीची सभा झाली, जिन्यात, उभ्या उभ्या.
पुरुष म्हणाले, मक्वालालाच करा प्रमुख,
तिला यंत्रांची सवय आहे.
खरंय. बावीस वर्षं मी
मेट्रोच्या सरकत्या जिन्याच्या तळाशी
काचेच्या खोक्यात बसते
आणि लोकांचे बूट बघते.
कुणी पडलं तर लाल बटण दाबायचं.
सहा वेळा दाबलं.
त्यातला एक पडला नव्हता,
गुडघा टेकून एका मुलीला मागणी घालत होता.
जिना थांबला.
उरलेल्या पायऱ्या ती चालत वर गेली.

तर किल्ली माझ्याकडे आली.
एक्कावन्नाव्या वर्षी
माझ्या नावाचं पहिलं कुलूप.
घर नवऱ्याच्या नावावर होतं, आता मुलाच्या.
विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या नावाने येतं.
ते बिचारे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात गेले,
तेव्हा वीजच नव्हती.

रविवारी डबा स्वयंपाकघरात ओतला,
नवा चष्मा लावून मोजला:
छप्पन्न लारी, ऐंशी तेत्री,
कोटाचं एक बटण,
आणि युरोचे दोन सेंट.
ते कुठून आले हे विचारायला नको.
आमच्या एका जिन्यातल्या सहा बायका इटलीत
परक्यांच्या आयांना न्हाऊ घालतात.
माझी बहीण लमारा बारीला असते.
तिची म्हातारी तिला पाओला म्हणते,
मेलेल्या मुलीचं नाव.
लमारा ओ देते.
त्याचे वेगळे मिळतात का, मी विचारलं.
नाही गं, म्हणाली, ते पगारातच धरलेलं असतं.

इकडे तिच्या पोराच्या वाढदिवसाला
आईच्या नावाने पेला उचलला गेला.
आमच्यात बायकांच्या नावाने प्यायचं तर
पुरुष सगळे उभे राहतात,
आम्ही बसून राहायचं.
या वेळी मी उभी राहिले.
खरं म्हणजे पायात गोळा आला होता.
पण सगळे बघायला लागले
तेव्हा गोळा गेला होता,
आणि मी बसले नाही.

त्सिआला नवव्यावर राहते. वय चौऱ्याहत्तर,
पेन्शन औषधांच्या दुकानात उतरतं.
जिन्याने चढते.
डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणते.
असं कुठला डॉक्टर सांगतो?
सोमवारी मी लिफ्टमध्ये, बटणांच्या वरच्या पट्टीवर
एक नाणं ठेवून दिलं.
संध्याकाळी तिथेच.
दुसऱ्या दिवशीही.
बुधवारी कुणा पोराने उचललं असावं,
आणि त्सिआला मला दारात गाठून म्हणाली,
प्रमुखबाई, लोक लिफ्टमध्ये पैसे विसरतात,
लक्ष ठेवत जा.

मी तोंड पाडून घरात आले.
रात्री कधीतरी लक्षात आलं,
यंत्र नाणी मोजतं, माणसं मोजत नाही.

आता सहाच्या सुमाराला
मी टपालपेट्यांपाशी पत्रं चाळत असते.
मला पत्र येत नाही.
ती येते, भट्टीतली लांब रोटी काखेत धरून.
मी राहते तिसऱ्यावर.
गच्चीचं कुलूप बघायला वर चालले आहे, म्हणते.
रोजच? ती विचारते.
जबाबदारी आहे, मी सांगते,
आणि नाणं टाकते.

ती रोटीचं खरपूस टोक मोडून
माझ्या हातात ठेवते.
बघत नाही माझ्याकडे.

पाचव्या आणि सहाव्याच्या मधे
लिफ्टला उचकी लागते, दिवा जातो.
अंधारात दोघी चावत उभ्या.

प्रमुखबाई, ती म्हणते,
हे तेवढं दुरुस्त करून घ्या.