पान एकशे बारा
(शुक्रवारची उपासना सुटल्यावर, रुवी)

शुलमिता, हे घे.
पहिली चाळीस पानं रटाळ आहेत, आधीच सांगते:
बाईचं बालपण, मिशनचं कंपाऊंड, चिंचा.
तरी सोडू नकोस.

वरच्या फळीवरच्या कादंबऱ्या हव्या तर त्याही ने.
शेवटच्या प्रकरणात दारू सुटते,
मुलगा घरी येतो, आंधळीला दिसतं.
मीही वाचल्यात, नाइट ड्यूटीत, अधाशासारख्या.
आणि सकाळी वॉर्डात
सात नंबरच्या कॉटवर नवी चादर.

या बाईचा नवरा बरा होत नाही.
ती गुडघे टेकते, उपास धरते,
तो बरा होत नाही.
तिथं समासात पेन्सिलीनं कुणीतरी विचारलंय,
‘मग?’
खाली दुसऱ्याच अक्षरात,
‘मग तिनं चूल पेटवली.’

हे दुसरं अक्षर रेमी घोन्साल्विसचं.
वसईचा. सोहारला क्रेन चालवायचा.
नोकरी गेली तेव्हा वॉटर कूलरमागच्या कपाटात
सगळी पुस्तकं लावून गेला.
म्हणाला, तीस किलोत देव बसतो हो,
त्याची पुस्तकं नाही बसत.

आत खूण म्हणून पैसे पाठवल्याची पावती आहे,
माझीच. आकडा बघून हसू नकोस.

परत द्यायची घाई नाही.
फक्त गाडीत ठेवू नकोस, जूनच्या उन्हात
बांधणीचा डिंक वितळतो इथं.
एकशे बारावं पान आधीच सुटलंय.
तेवढं जप.