वीस वेळा

पेंत्रे-लास, वेल्स. सायकलवाला इद्वल बहिणीशी बोलतो.

एर्लिस, दोन सायकली कशाला?
एकच घे.
सोमवार ते शुक्रवार इस्पितळाच्या स्वयंपाकघरापर्यंत साडेसात मैल,
अंधारात जायचं, अंधारात यायचं.
शनिवारी खाणीमागून वर,
पाटीच्या दगडांच्या ढिगांतून,
जिथं ती पायवाट आहे की ओहोळ
हे त्या त्या महिन्यावर असतं.

ही बघ. रंग शेवाळी.
इथल्या पावसात सगळंच शेवटी ह्या रंगाचं होतं,
म्हणून आधीच तो घेतला.
मागं कॅरिअरला भोकं आहेत, मडगार्ड बसतं,
आणि चिमट्यात जागा इतकी
की शनिवारचा जाड टायर चिखलासकट फिरतो.
मडगार्ड काढायला चार स्क्रू.
नाही जमलं तर मी आहेच.
जमेल तुला.

ब्रेक डिस्कचे. हो, महाग.
पैशाचं मी बघतो, तू बोलू नकोस.

माझी जुनी आठवते?
रिमवर रबर घासणारी, निळी.
कोरड्या दिवशी तिच्यासारखी गुणी नव्हती.
पण ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसतं,
मग पकडतं.
पुसणं आणि पकडणं
ह्यांच्या मधे
चॅपलचं वळण होतं.

एवढंच.
प्रोबर्टबाई केक घेऊन आल्या, म्हणाल्या,
देवाच्याच दारात पडलास रे.
पडलो खरा. देव घरी नव्हता,
दूधवाला होता.
तेव्हापासून हा गुडघा
रेडिओच्या आधी पाऊस सांगतो.

आता नीट ऐक.
ह्या चकतीला हात लावायचा नाही. कधीच.
बोटांना तेल असतं, दिसत नाही,
स्वयंपाकघरातल्या बोटांना तर असतंच.
तेवढ्यानं ती किंचाळते,
गावभर बोभाटा करते
आणि ऐन वेळी धरत नाही.
उतारानंतर तर मुळीच नाही, भाजशील.
फारच माया आली तर सीट थोपट.

नवे पॅड लगेच धरत नाहीत.
चकतीशी त्यांची ओळख करून द्यावी लागते.
बंद खाणीच्या आवारात चल,
जिथं वडिलांची बस थांबायची
आणि ते उतरायच्या आधी खोकायचे.
वेग घे. दाब. चालण्याइतकी हळू हो,
पण थांबू नकोस. सोड. परत.
वीस वेळा.
मी मोजतो.

सातव्याला जळका वास येईल, घाबरू नकोस.
बाराव्या-तेराव्याला कळेल:
एक बोट पुरतं.

*

एकोणीस झाले.
विसाव्याला तू फाटकातून सरळ निघून गेलीस,
वर, ढिगांकडे, तेही मडगार्ड लावून,
मंगळवार असून.

मी ओरडलो असेन. आठवत नाही.
पाऊस धरला होता, गुडघ्यानं सकाळीच सांगितलेला.
जुन्या ब्रेकचं एक बरं होतं,
माणूस कुठल्या वळणावर आहे ते
खाली दरीत ऐकू यायचं.
ह्यांचा आवाजच नाही.
मी नुसता उभा,
जिभेवर एकोणीस,
पत्र्याच्या शेडखाली एक मेंढी,
ती माझ्याकडे बघत होती,
जणू बहीण माझी नाही, तिची गेली होती.

मग तू आलीस.
आधी दिवा, मग चिखल, मग त्यात तुझे दात.
बावन्न वर्षांची बाई असं हसते?
थेट माझ्या अंगावर येत होतीस.
मी हललो नाही. खरं सांगायचं तर
गुडघा हलला नाही.
बुटापासून वीतभर अंतरावर
चाक थांबलं.

वीस, म्हणालीस.

थांबायचं नव्हतं, मी म्हणालो,
चालण्याइतकं हळू, असं सांगितलं होतं.
आणखी काय बोलणार?
खाली बघितलं.
चकतीवर थेंब पडत होते
आणि पडल्या पडल्या
चर्रर करून नाहीसे होत होते.
हात पुढं गेला होता.
लावला नाही.