चौदावी स्लाइड

गुरुवारी संध्याकाळी सातला
क्लाक्स्विकच्या वाचनालयात पंधरा-वीस म्हातारी माणसं येणार होती,
ओले कोट रेडिएटरवर टाकणार होती,
आणि मी त्यांना सांगायचं होतं
की जुना लॅपटॉप फेकू नका, बायांनो, बाप्यांनो,
त्यात नवी सिस्टीम अशी अशी बसवता येते.
मग कॉफी, आणि रूबार्बचा केक.

स्लाइडला चित्रं हवीत.
सोमवारी पहिल्याच पायरीवर प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं.
काही नाही.
परत दाबलं.
अगं, घरच अजून उभं नाही,
फोटो टांगणार कोणत्या खिळ्याला?

दुसरा उपाय माहीत होता मला:
संगणकाच्या पोटात एक लुटुपुटुचा संगणक मांडायचा,
त्यात सगळं बसवायचं, आणि बाहेरून निवांत चित्रं घ्यायची.
घेतली. नऊ. लख्ख, काटकोनात.
येग्वानने पाहिली आणि नाक मुरडलं.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस.
म्हणाला, "धूळ कुठाय ह्यात?
माझ्या मशीनवर कर. मी बसतो शेजारी."

त्याचं मशीन: झाकणावर ओरखडे,
बिजागरीला चिकटपट्टी,
आणि एक बटण गायब.
आमच्या भाषेत एक अक्षर आहे,
लिहितो सगळे, उच्चारत कुणीच नाही.
नेमकं त्याचंच.
तिथे त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा डकवला होता.

शब्दकोशांच्या चळतीवर फोन टेकवला.
पडदा काळा झाला की त्यात माझं कपाळ दिसे,
मागची ट्यूबलाइट, खिडकी, खिडकीत बंदर.
काही चित्रांत इंद्रधनुषी पट्टे, काहींत माझा अंगठा.
भाषा निवडा. फोटो.
वेळ निवडा: आधी अटलांटिक, मग एक तिरकी रेघ, मग आम्ही,
नकाशावर तर मुंगीने टाकलेलं पाऊल.
फोटो.

*या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.*

येग्वानने चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला.
"घेतलास?"
"घेतला."
"मग दाब की."
"तुझं मशीन. तूच दाब."
बाहेर फेरीचा भोंगा झाला.
त्याने दाबलं,
अंगठ्याने, जसं झडप बंद करतात तसं.

मग चौतीस टक्के.
अकरा मिनिटं चौतीस टक्के.
मी त्याचेही तीन फोटो काढले,
लोकांना कळू दे, असंही होतं.

बुधवारी रात्री घरी चित्रं लावत बसले.
शेहेचाळीसावा फोटो: *आपलं नाव लिहा.*
चौकटीत लिहिलं होतं: येग्वान.
त्याच्या आधीचा, पंचेचाळीसावा,
मी फोन सरळ करताना चुकून निघालेला, तिरपा.
तीच चौकट.
एइब्योर्ग.
ते न उच्चारलं जाणारं अक्षरसुद्धा जागच्या जागी,
म्हणजे रबराचा तुकडा नीट दाबून.

तिला जाऊन येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील.
मी शेजारीच तर होते. हातभरावर.
बॅकस्पेसचा आवाज झाला असणार,
आठ वेळा,
आणि मी उजेडाबद्दल काहीतरी बडबडत होते.

चौदाव्या स्लाइडवर शेहेचाळीसावा लावला.
पंचेचाळीसावा पुसायला बोट नेलं,
यंत्राने विचारलं, नक्की?
मी फोन उपडा ठेवून दिला.

गुरुवारी सगळं ठीक झालं.
लुटुपुटूची नऊ चित्रं कुणी मागितली नाहीत.
पट्टेवाल्या चित्रांत एका बाईने खिडकीतली आपली बोट ओळखली,
त्यावर पाच मिनिटं गेली.
चौदाव्या स्लाइडला मार्गा उठली:
"इथे नाव कुणाचं घालायचं? माझं की नातवाचं?"

मी तोंड उघडायच्या आत
तिसऱ्या रांगेतून येग्वान म्हणाला,
"घाल कुणाचंही. नंतर बदलता येतं."

खरं तर ते तेवढं सोपं नसतं.
मी पुढची स्लाइड लावली.