पेशंटचं नाव

दांडिया बाजारात शितोळ्यांचं एक्स-रे क्लिनिक.
रात्री साडेनऊला, शेवटचा गुडघा घरी गेल्यावर
मी जुन्या टॉवेलातून काढला प्रवाळाचा काप:
हातभर लांब, बिस्किटाएवढा जाड,
कच्छच्या आखातातून आणलेला,
कारेलीबागेत फरशीवाल्याच्या कटरवर चिरलेला.

"पेशंटचं नाव?" त्यांनी सवयीनं विचारलं.
म्हटलं, पोरायटिस.
"वय?"
तेच तर मोजायचंय, काका.

खोलीतला दिवा गेला, पेटीतला लागला.
फिकी, गडद, फिकी, गडद,
एकेका वर्षाची एकेक जोडी.
पेन्सिलीच्या टोकानं मोजत मी खाली उतरले
आणि सव्विसावीपाशी अडले.
तिथं एक रेघ, केसाएवढी, दाट पांढरी.

मी सांगू लागले: हे वादळाचं साल असावं,
आठवडाभर गढूळ पाणी, अंगावर गाळ…
शितोळे चष्मा कपाळावर सारून वाकले.
"लहान पोरांच्या नडगीत दिसते ही.
मोठं दुखणं आलं की वाढ थांबते.
मग पोर उठतं, हाड पुढं सरकतं.
रेघ राहते."

माझ्या प्रबंधात याला चार पानं लागलीत,
आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

बाहेर वारा पडलेला. समुद्र नसलेल्या गावात
सेव-उसळीचा तिखट वास.
त्यांनी रेघेवर नख टेकवलं, दुखऱ्या जागी टेकवावं तसं.
"हिच्या आजूबाजूचे?"
मी फिल्म पाकिटात सरकवली.

पावतीवर लिहिलंय: पोरायटिस, स्त्री, वय एकसष्ट.
ज्येष्ठ नागरिक म्हणून
दहा टक्के कमी.