बासष्ट पैशांचं होय

कॅम्पातल्या क्लबाच्या कोर्टावर
एकतीस वर्षं मी चुना ओढतोय.
साडेपाचला रोलर, मग पाणी,
मग सुतळी ताणून रेघ, दोन बोटं रुंद.
साहेब बदलले, फाटकावरची पाटी तीनदा रंगवली,
बेळगाव पुसून बेळगावी आलं,
रेघ तेवढीच.
चेंडू तिला नुसता शिवला तरी आत धरतात,
हे मी बापाला सांगितलं होतं पहिल्या पगारादिवशी.
म्हातारा खोकला येईस्तोवर हसला :
आपल्याकडं? रेघेवरच्याला? आत?

भाचा भरमा उद्यमबागेत सीएनसीवर.
रात्रपाळी नसली की दार वाजवतो,
"मामा, झोपूलास काय? ऊठ की, बघ जरा."
फोनमध्ये एक पोरगी सर्व्हिस करत असते,
कुठल्याशा गावात, तिथं अजून ऊन.
तिचं नाव ना मला वाचता येत ना त्याला.
खाली आकडे हलतात
संकेश्वरच्या बाजारात मिरची हलावी तसे.
जिंकणार का? होय, बासष्ट पैसे. नाही, अडतीस.
खरं ठरलं तर रुपया.
"जुगार न्हवं हा मामा, अंदाजाचा बाजार."
सोबत त्याच्या शेजारच्या मशिनवरचा इराप्पा,
तो भिंतीला टेकून म्हणतो,
हौदु अंद्रे हौदु, इल्ला अंद्रे इल्ला.
खातं दोघांत एक, इराप्पाच्या बहिणीच्या नावावर.
तिला माहीत नाही.

मला आकडे कळत नाहीत.
पाय कळतात.
वाकून काम करणाऱ्याला एवढं मिळतंच :
गुडघ्याखाली माणसाला खोटं बोलता येत नाही.
एक कर्नलसाहेब दमले की डावी टाच ओढायचे,
तोंडावर हसू, मुरमावर कोयरी.
ती कोयरी संध्याकाळी मीच पुसायचो.

त्या रात्री पोरगी एक सेट वर,
दुसऱ्यात चार-दोन, टाळ्या,
होयचा भाव एक्क्याऐंशी.
आणि चेंडू घ्यायला वळताना
तिनं उजवा पाय जमिनीला विचारून टाकला.
"नाही घे," मी म्हणालो.
"मामा, एक्क्याऐंशी हाय."
"घे."

साडेनऊशे रुपये लावले. एकोणीस पैशांनी पाच हजार 'नाही'.
दुसरा सेट गेला. ती खुर्चीत बसली, बूट काढला,
कुणीतरी गुडघे टेकून घोट्याला पट्टी गुंडाळू लागलं.
तेव्हा भरमानं नियम सांगितला :
मधेच सोडून गेली तर सौदा रद्द, पैसे परत.
हरायला हवी ती. पुरती, शेवटच्या पॉइंटापर्यंत.

मग आम्ही तिघं, एका खाटेवर,
इराप्पानं यल्लम्माचा भंडारा कपाळाला लावलेला,
त्या परक्या पोरीला विनवत होतो,
ऊठ गं बाई. खेळ. थोडं खेळ.
ती उठली.
सहा-शून्य हरेपर्यंत उठत राहिली.

पाच हजारांतले हजार भरमानं माझ्या उशीखाली सरकवले.
"ही तुझ्या डोळ्यांची मजुरी."
मी परत केले नाहीत, हेही सांगतो.
चुन्याच्या डब्यामागं फळीवर आहेत,
दोन नोटा, कडेनं पांढऱ्या झालेल्या.

काल पुन्हा आला.
पोरगा होता कोणी, उंच, डावखुरा,
त्याचं मनगट मला दुसऱ्याच गेमात दिसलं.
म्हटलं, कळंना झालंय रे, नंबर वाढला असेल.
भरमाचे तेवीसशे गेले.
काही बोलला नाही, चप्पल शोधत राहिला अंधारात,
इराप्पानंच टॉर्च लावली.

आज सकाळी कोचिंगची पोरं लवकर आली.
त्यात एक नवीन, आठ-नऊ वर्षांची,
रॅकेट तिच्याहून जड.
"अंकल, रेघेवर पाय दिला तर चालतो?"
"सर्व्हिस करताना नाही. एरवी चालतो."
तिनं दोन्ही बूट रेघेवर ठेवून बघितले,
तळाला चुना लागला, हसली,
पळत गेली बेसलाइनकडं.
मी सुतळी गुंडाळत राहिलो,
मान खाली घातली नाही.