लाभ

मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही.
लाभ म्हणतो.
लाभ, मग दोन, मग तीन.
एकतीस वर्षं शाहूपुरीच्या गूळबाजारात
माझा दिवस असा उजाडला,
आणि डाव्या हाताचा अंगठा
वजनांच्या पारड्याला असा टेकायचा
की माशीला वाटावं, शेजारी दुसरी माशी बसली.

रव्यामागे पाव किलो.
अडत्याला ठाऊक होतं. हमालांना ठाऊक होतं.
दोर्कसला नव्हतं.
मी मंडळीचा वडील.
दानाची थैली फिरवायचो
त्याच हातानं.

तारण हा शब्द मी आधी पेढीवर ऐकला.
तारण ठेव, उचल घे.
कुणाचं डोरलं, कुणाचा पंप, कुणाची सायकल.
मग पाळक रणभिसे एका रविवारी म्हणाले,
तुमच्यासाठी एकजण स्वतःच तारण राहिला
आणि शुक्रवारी त्याला सोडवायला
कुणी पेढीवर आलं नाही.
मी ऐकलं.
टाळूला गूळ लावून ठेवावा तसं ऐकलं.
फुकट होतं,
म्हणून स्वस्त समजलो.

पुढं इलेक्ट्रॉनिक काटा आला. लाल आकडे.
अंगठा बेकार झाला.
लोक म्हणू लागले, शमुवेल मापाडी म्हणजे सरळ माणूस.
सरळ मशीन होतं.

आनंदा खाड्यांचा चेहरा तेवढा जाईना.
ते एकदा अंगठ्याकडे बघायचे,
मग छताकडे,
मग गुळाचा खडा फोडून माझ्यापुढं धरायचे,
वर तांब्याभर पाणी.
शिवी दिली असती तर मी ती विसरलो असतो.

फंडातले चाळीस हजार रुमालात बांधून
गगनबावड्याची एसटी धरली.
आनंदा जाऊन सहा वर्षं झालेली.
त्यांची सून काहिलीवर मळी काढत होती,
सगळं ऐकलं तिनं, हात थांबवला नाही.
"मामंजी रसात साखर वतायचे," म्हणाली,
"वजन भरावं म्हणून. पोती पोती.
तुमास्नी ठावं नव्हतं व्हय?
फिटलं की मग. बसा, काकवी घ्या."

काकवी गोड होती, काय सांगू.

येताना खिडकीशी हिशेब मांडला.
त्यांचं पाप वजा माझं पाप.
बालिंग्याच्या पुलापर्यंत पाच वेळा केला,
शून्य येईना.
गुजरातेत कुठल्या तरी गल्लीत
तो गूळ चाटणारं पोर
दोन्ही पारड्यांच्या बाहेर उभं होतं.

शनिवारी रात्री दोर्कसला सांगितलं.
ती भांडी घासत राहिली,
घासलेलीच पुन्हा.

आज ती माझ्याच बाकावर बसली,
मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.
पाळकांनी भाकर मोडली.
हातानं मोडलेली, सारखी कशी असणार?
कुणाला मोठा कोपरा, कुणाला चुरा,
आवळ्यांच्या म्हातारीला बुरशी यावी तितका बारीक कण,
आणि एकानंही शेजाऱ्याच्या ताटलीत बघितलं नाही.
बाजारात असं झालं असतं
तर सौदा बंद पडला असता.

ताटली त्या मोकळ्या जागेवरून आली.
डावा हात मी मांडीखाली दाबून धरलेला.
दोर्कसनं पाहिलं.
"दोन्ही हातांनी घ्या," म्हणाली,
शनिवारनंतरचं पहिलं वाक्य.

तुकडा जिभेवर ठेवला
आणि सवयीनं ओठांतून निसटलं,
लाभ.
पुढं दोन म्हणायला गेलो,
आकडाच आठवेना.

रुमाल कपाटात आहे, गाठ अजून तशीच.
वहीत आणखी अकरा गावं लिहून काढलीत.
मंगळवारी सांगरूळ.
दोर्कस विचारत होती,
एसटी किती वाजता असते.