नजरेची उंची

पहिल्या वर्षाला मी शिकवतो :
आधी क्षितिजरेषा आखा, जमिनीपासून पाच फुटांवर.
मुलं आखतात.
पाच फूट कुणाचे, असं कुणी विचारत नाही.
तेवीस वर्षांत मीही विचारलं नव्हतं.

या खेपेला दांडेकर पुलाजवळचा चौक दिला,
बसथांबा नव्याने मांडा म्हणून.
मृण्मयी केतकरनं सुरेख काढला :
काचेचं छत, स्टीलचा बाक,
बाकाला मध्ये मध्ये हात.
"म्हणजे सर, कुणी आडवं होणार नाही."
मी शेरा दिला, छान विचार.
तो शेरा अजून आहे त्या कागदावर,
माझ्याच अक्षरात, लाल.

शनिवारी सकाळी साडेसहाला वर्ग थांब्यावर नेला.
टेप, कटिंग चहा, जांभया.
फुटपाथच्या कडेला पोत्याला टेकून
ठकूबाई लोंढे बसली होती.
दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे,
काच वेगळी, फडक्यात गुंडाळून.
प्रज्योतनं अदबीनं विचारलं,
"आजी, बाक रिकामा आहे की. तिथं का नाही बसत?"
"त्यो तुमच्या पायांचा हाय, बाळा.
माझं पाय लटकत्यात.
आन् पोतं कुठं ठिवू? मांडीवर?"

अल्फिया शिकलगार काही न बोलता
तिच्या शेजारी खाली बसली.
टेप धरली. नजर : दोन फूट चार इंच.
आणि तिथून काढू लागली.
आमच्या वर्गाच्या कागदावर पहिल्यांदाच
टायर आले, सायलेन्सरचा धूर आला,
गुडघेच गुडघे.
जाहिरातीतली बाई आलीच नाही, ती फार वर होती.
बसचा नंबर दिसला तो मागच्या काचेवर,
बस गेल्यावर.

संघपाल रणपिसेचा कागद कोरा.
मी म्हटलं, झोप झाली नाही वाटतं?
तो पेन्सिलला टोक करत राहिला.
मग म्हणाला, "सर, हा चौक माझी आई झाडते.
चार ते सहा.
आपण साडेसहाला आलो."

थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता :
"आपल्या सगळ्या चित्रांत चौक
आधीच झाडलेला असतो."

मला काही सुचेना.
लोपबिंदू समजावताना मी सांगतो
की सगळ्या रेषा तिथं जाऊन मिटतात,
आणि घाईघाईनं पुढं म्हणतो, वस्तू मिटत नाही हं,
ती फक्त बघणाऱ्यापासून लांब असते.
हे वाक्य परीक्षेत दोन मार्कांना येतं.
संघपालला गेल्या वर्षी दोन्ही मिळाले होते.

गुरुवारी मृण्मयी नवा कागद घेऊन आली.
बाकाचे हात खोडलेले,
उंची उतरवलेली, बुडाशी पोत्यापुरती फळी.
रात्रभर जागली असावी, बोटं शाईनं निळी.
"सर, मी दाखवू का त्यांना?"
मी मान हलवली.
खरं तर आधी मी बघणार होतो.

ठकूबाईनं कागद धरला, उलटा,
मग आडवा.
"हे असं वरनं का बघितलंय?
घारीनं काढलंय व्हय?"
पोरं हसली. मृण्मयीही, जरा उशिरा.
तिनं खाली बसून बोटानं दाखवलं,
हा बाक, ही फळी, इथं तुमचं पोतं.
म्हातारीनं निळ्या रेषेवरून अंगठा फिरवला,
फळीशी थांबली, बरं हाय म्हणाली,
आणि कागद परत देता देता :
"आन् ह्यात दुपार कुठाय?"

शुक्रवारी दोन वाजता आम्ही पुन्हा गेलो.
थांब्यावर चिटपाखरू नव्हतं.
मृण्मयीनं स्टीलच्या बाकावर हात ठेवला
आणि झटकन काढून घेतला.
संघपाल समोरच्या भिंतीकडे गेला,
जिथं वीतभर सावली होती,
आणि तिथं उकिडवा बसून
त्यानं कागद मागितला.